लोणचं तेच, बरणी बदला

गेल्या अंकात घरातल्या जुन्या शूटिंगबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी ‘अडलं तर विचारा’ असं म्हणून बसले. आता टेबलावर पत्रांचा गठ्ठा आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य : ‘काकू, चांगला कन्व्हर्टर सांगा.’ म्हणजे एका प्रकारची व्हिडिओ फाइल दुसऱ्या प्रकारची करून देणारं सॉफ्टवेअर. त्याचं उत्तर पहिल्याच प्रश्नात देते.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी : कराडला आमचा छोटा स्टुडिओ होता. शूटिंग ह्यांचं, मिक्सिंग माझं. दोन व्हीसीआर आणि मधे मिक्सर, तिथून सुरुवात केली. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, गुलाबाच्या पाकळीतून बाहेर येणारे सासू-सासरे, हे सगळं पाप माझ्या खात्यावर आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग २०११ साली व्याह्यांच्या हँडीकॅमवर झालं. कार्डावरून संगणकात ५४ फाइली घेतल्या, सगळ्यांच्या शेपटीला ‘एमटीएस’. मोबाइलवर चित्र दिसतं, आवाज येत नाही. पुतण्यानं फुकटचा एक कन्व्हर्टर उतरवून घेतला. तो रात्रभर चालला. सकाळी पाहतो तर चित्र धुरकट आणि मधोमध त्या कंपनीचं नाव. मंगलाष्टकांच्या वेळी ते बरोबर मुलीच्या कपाळावर बसलं आहे. चांगला कन्व्हर्टर सुचवावा. (निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

उत्तर : सर, सुचवत नाही, कारण तुम्हाला तो लागतच नाही.

व्हिडिओची फाइल म्हणजे बरणी. आत लोणचं वेगळं. चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय आणि आवाज कुठल्या पद्धतीनं, ते लोणचं. ‘एमटीएस’, ‘एमपी४’ ही बरण्यांची नावं. तुमचा हँडीकॅम एव्हीसीएचडी जातीचा आहे. सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून २००६ साली ही पद्धत आणली. तिच्यात चित्र एच.२६४ नावाच्या पद्धतीनं दाबलेलं असतं. आजचे बहुतेक मोबाइल आणि टीव्ही तेच खातात, त्यामुळे चित्राला हात लावायचं कारणच नाही. अडतंय ते आवाजाशी. या कॅमेऱ्यांत तो सहसा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीचा असतो आणि बऱ्याच मोबाइलना तो पचत नाही. म्हणून चित्र आहे तसं नव्या बरणीत ओतायचं आणि फक्त आवाज एएसी या मोबाइलना पचणाऱ्या पद्धतीचा करायचा.

पुतण्याच्या कन्व्हर्टरनं काय केलं? लोणचं बाहेर काढलं, धुतलं आणि पुन्हा मसाला लावला. हिशेब करून बघा. त्या काळचे हँडीकॅम फुल एचडीच्या नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहायचे (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). म्हणजे तासाला साडेसात जीबी. कन्व्हर्टरनं दिलेल्या फाइलचा आकार पाहा. तासाला ९०० एमबीच्या आसपास असेल तर सेकंदाला दोनच मेगाबिट उरले. बाकीचं गेलं ते शालूच्या जरीतलं आणि अक्षतांच्या दाण्यांतलं. धुरकट दिसतं ते त्यामुळेच.

आता करायचं काय ते सांगते. आधी व्हीएलसी प्लेअर घ्या. तो ‘एमटीएस’ आहे तशी चालवतो. मूळ फाइली ठणठणीत आहेत एवढं त्यात पाहून घ्या. मग ॲव्हिडेमक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा, त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. क्लिप उघडली की डाव्या बाजूला तीन खाने दिसतील. व्हिडिओच्या खान्यात ‘कॉपी’ राहू द्या, ऑडिओच्या खान्यात एएसी निवडा, खाली फाइलचा प्रकार एमपी४ करा आणि सेव्ह करा. रात्रभर नाही, दहा मिनिटांची क्लिप चहा गाळेपर्यंत होते, कारण चित्राची नुसती उचल-ठेव चालली आहे. पुतण्या हँडब्रेकचं नाव घेईल. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते चित्र दरवेळी नव्यानं दाबतंच, ‘आहे तसं ठेव’ हा पर्याय त्याच्याकडे नाही. फाइल लहानच करायची असेल तेव्हा ते वापरावं.

आणि सर, व्याह्यांच्या कार्डावर ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर असेल. त्याच्या आत ‘एव्हीसीएचडी’, त्याच्या आत ‘बीडीएमव्ही’, मग ‘स्ट्रीम’. क्लिपा त्या शेवटच्या घरात राहतात. पुढच्या वेळी नुसत्या क्लिपा न उचलता सगळं बिऱ्हाड वरपासून तसंच कॉपी करा. शेजारच्या फोल्डरांत कुठली क्लिप कुठल्या क्लिपला जोडलेली आहे याची नोंद असते. ती का लागते ते पुढच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळानं सप्ताहातलं कीर्तन अडीच तास कॅमेरा स्टँडवर लावून घेतलं. कॅमेरा कुणी बंद केला नाही, तरी बारा-तेरा तुकडे झाले. ते संगणकावर एकापुढे एक लावले तर जोडावर आवाज ‘टक्’ होतो आणि शब्द तुटतो. एका ठिकाणी बुवांचा ‘पांडुरंग’ ‘पांडु’वरच संपतो. काकू, ‘रंग’ कुठे गेला? (सप्ताह मंडळाचा कार्यकर्ता, मंगळवेढा)

उत्तर : ‘रंग’ पुढच्या फाइलीत आहे, फक्त उंबऱ्यावर अडकलाय.

कॅमेऱ्यातली कार्डं जुन्या फॅट-३२ पद्धतीनं आखलेली असायची. तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. म्हणून बरेच कॅमेरे त्याआधीच, २ जीबी झाले की फाइल बंद करून दुसरी उघडतात. सगळ्यात वरच्या, २४ मेगाबिटच्या सेटिंगला ही वेळ बारा-तेरा मिनिटांनी येते. म्हणजे तुमचे तुकडे बरोबर आहेत. गोम अशी की कॅमेरा वाक्य संपायची वाट बघत नाही. आवाजाचा अर्धा घास या फाइलीत, अर्धा त्या फाइलीत. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दोन्ही अर्धे घास खराब वाटतात आणि ते टाकून देतं.

इलाज : टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिपा ओळीनं मांडायच्या पट्टीवर, आणायच्या आधीच तुकडे सांधायचे. कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी सापडली तर त्यातलं सॉफ्टवेअर कार्डावरच्या त्या शेजारच्या फोल्डरांतल्या नोंदी वाचून हे आपोआप करतं. (सापडत नाही. कुणालाच सापडत नाही.) नाहीतर विंडोजचा काळा कमांड प्रॉम्प्ट त्या फोल्डरमध्ये उघडा. आधी ‘कॉपी’, मग तिरकी रेघ आणि बी, मग क्रमानं फाइलींची नावं अधिकच्या चिन्हानं जोडून, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. हे सगळं अर्थात इंग्रजीत टाइप करायचं. तो ‘बी’ विसरू नका. तो नसेल तर विंडोज तुमच्या कीर्तनाला साधा मजकूर समजतं आणि ‘मजकूर संपला’ या अर्थाचं एक जुनं चिन्ह योगायोगानं मधे भेटलं की तिथेच थांबतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अडीच तासांच्या समारंभाची काही सेकंदांची फाइल झाली होती आणि मी कार्डाला दोष देत बसले.

हा सांधा फक्त ‘एमटीएस’ला आणि एकाच सलग शॉटच्या तुकड्यांना चालतो. ‘एमपी४’ अशा जोडल्या तर नुसती पहिलीच दिसते. म्हणजे आधी सांधा, मग बरणी बदला.

प्रश्न : आमच्या जुन्या हार्डडिस्कवाल्या कॅमेऱ्यातल्या फाइली ‘एमओडी’ नावाच्या आहेत. डबल क्लिक केलं तर संगणक विचारतो, ‘कशानं उघडू?’ कशाबशा उघडल्या तर घरातले सगळे लांबट आणि सुकलेले दिसतात. माझी आई पाच फूटही नव्हती, इथे ती बास्केटबॉल खेळणारी वाटते. (गृहिणी, लातूर)

उत्तर : ताई, ‘एमओडी’ हे फक्त पांघरूण आहे. आत डीव्हीडीवर असतं तेच साधं एमपीईजी-२ आहे. फाइलची एक प्रत काढा आणि तिच्या नावातलं शेवटचं ‘एमओडी’ खोडून ‘एमपीजी’ लिहा. झालं, कन्व्हर्ट काहीच करायचं नाही. बरोबर ‘एमओआय’ नावाच्या चिमुकल्या फाइली असतील, त्या मूळ फोल्डरमध्ये राहू द्या.

आईंची उंची : शूटिंग रुंद पडद्याचं आहे, पण या कॅमेऱ्यांतल्या बऱ्याच फाइलींवर चौकोनी पडद्याचा शिक्का बसतो. मग प्लेअर रुंद चित्र चौकोनात कोंबतो. व्हीएलसीत पाहताना कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत राहा, १६:९ आलं की आई आपल्या मापावर येतील. एडिटिंग करताना क्लिपच्या माहितीत हेच प्रमाण हातानं बदला.

प्रश्न : चित्र स्पष्ट आहे, पण कुणी हात हलवला की कडेला करवतीचे दात दिसतात. लेझीमच्या शॉटमध्ये तर काहीच कळत नाही. कॅमेरा बिघडला होता का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बिघडलेला नाही, जुन्या वळणाचा आहे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी चित्र अर्धं अर्धं काढायची रीत होती. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, पुढच्या क्षणी सम ओळी. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. टीव्हीवर ती एकामागून एक यायची, डोळ्याला सलग वाटायचं. संगणक दोन अर्धी एकत्र चिकटवून दाखवतो. तेवढ्या वेळात लेझीम पुढे गेलेली असते, म्हणून दात.

पाहण्यापुरतं हवं असेल तर व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करा. कायमचं काढायचं असेल तर इथे मात्र हँडब्रेक लागेल : फिल्टर्समध्ये डीइंटरलेस, ‘याडिफ’, आणि त्यात ‘बॉब’. ‘बॉब’मुळे दोन अर्ध्यांचं एक न होता प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र होतं आणि सेकंदाला ५० चित्रं मिळतात. लेझीमला तेच हवं. गुणवत्तेचा काटा, ज्याला तिथे आरएफ म्हणतात, १८ ते २० वर ठेवा. आकडा लहान तेवढी फाइल मोठी आणि चित्र चांगलं. बरेच जण उलट समजतात.

प्रश्न : फाइल चालते छान, पण एडिटिंगला घेतली की लॅपटॉप हँग होतो. कात्री मारायला गेलं की पंखा विमानासारखा ओरडतो. नवीन लॅपटॉप घ्यावा का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : बाळा, आधी बाबांचे पैसे वाचवू.

किराणा दुकानाच्या जुन्या वहीत पहिल्या ओळीत ‘तूरडाळ, १ किलो’ असं पूर्ण लिहिलेलं असायचं आणि खाली नुसत्या दोन रेघा, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. एच.२६४ असंच लिहितं. मधूनमधून एक पूर्ण चित्र आणि पुढे ‘वरीलप्रमाणे, फक्त हात थोडा उजवीकडे’. सरळ वाचत गेलं तर काही अडचण नाही. पण तू मधल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतेस, इथे काय आहे? मग लॅपटॉपला मागे जाऊन पूर्ण ओळ शोधावी लागते आणि तिथून खाली यावं लागतं. टाइमलाइनवर तू बोट पुढे-मागे फिरवतेस तेव्हा हे सेकंदाला कितीतरी वेळा घडतं. पंखा ओरडणारच.

दोन वाटा आहेत. पहिली प्रॉक्सीची : सॉफ्टवेअर तुझ्या क्लिपांच्या लहान, हलक्या प्रती करतं, कापाकापी त्यांच्यावर होते आणि शेवटी रेंडर करताना, म्हणजे पक्की फाइल तयार होताना, मूळ फाइली आपोआप घेतल्या जातात. शॉटकट मोफत आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ आहे, ते चालू कर. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली वही : डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेस या पद्धती. कापायला लोण्यासारखं, पण जागा खातं. डीएनएक्सएचडी सेकंदाला १२० मेगाबिटनं घेतलंस तर तासाला ५४ जीबी. लॅपटॉपच्या डिस्कवर तेवढं कुठलं, म्हणून तुला प्रॉक्सीच.

प्रश्न : आमचं लग्न कोल्हापूरला झालं. एक शूटिंग तिथल्या फोटोग्राफरचं, दुसरं माझ्या इथल्या भावाच्या कॅमेऱ्याचं. दोन्ही एकत्र केली तर एक अडखळत चालतं. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : भारतातला कॅमेरा ‘पाल’ (पीएएल) या टीव्हीच्या पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतला एनटीएससीचा, २९.९७. एका प्रोजेक्टमध्ये एकाला दुसऱ्याच्या पावलानं चालावं लागणार. जास्त शूटिंग ज्याचं, त्याचा वेग प्रोजेक्टला द्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचे शांत शॉट घ्या : बसलेली मंडळी, पंगत, रुखवत. वरातीतला नाच मात्र घेऊ नका. आमच्याकडे ह्यूस्टनहून आलेल्या कॅसेटी असायच्या, तेव्हा मी हेच करायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे की पंगत फार सुंदर आली आहे.

प्रश्न : एका डब्यात मिनी डीव्हीच्या अकरा कॅसेटी आहेत. कॅमेरा अजून चालतो. यूएसबीची वायर जोडली तर संगणकावर फक्त चार फोटो दिसतात. दोन कॅसेटींवर पांढरट डाग आहेत. (वाचक, चिपळूण)

उत्तर : या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबी आहे ती कार्डावरच्या फोटोंसाठी. कॅसेट बाहेर येते ती फायरवायरनं. कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय लिंक’ लिहिलेलं एक चपटं, चिमणं भोक असेल, ते. संगणकाला फायरवायरचं कार्ड लागेल. नव्या लॅपटॉपला ते नसतं, जुना डेस्कटॉप शोधा. पुण्यात कुणी असेल तर तपकीर गल्लीत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. वायर लावताना कॅमेरा बंद ठेवा, या वायरीनं भलेभले पोर्ट जाळले आहेत.

विनडीव्ही हे छोटंसं सॉफ्टवेअर पुरतं. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो आणि तासाचे १३ जीबी होतात. बाहेरची डिस्क फॅट-३२ असेल तर एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास ४ जीबी भरून गाडी अडते, म्हणून ती आधी एनटीएफएस या मोठ्या फाइली मावणाऱ्या आखणीची करा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची स्वस्त डोंगल कुणी गळ्यात मारेल, ती घेऊ नका. फायरवायरनं कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा येतो आणि त्याबरोबर प्रत्येक शॉटची तारीख-वेळही. पिवळ्या पिनेतून फक्त चित्र येतं. बारसं कुठल्या तारखेचं यावरून घरात वाद झाला की ही तारीख कामाला येते.

डाग म्हणजे कोकणातली बुरशी. त्या दोन कॅसेटी कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडला बुरशी लागली की तोच कॅमेरा उरलेल्या नऊ जणींनाही ती वाटत फिरेल. आधी चांगल्या नऊ उतरवा, त्या दोघी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडे द्या.

प्रश्न : एमपी४ झाल्या. आता मूळ फाइली डिलीट करू ना? जागा फार खातात. (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. डिस्क स्वस्त झाल्यात, एक वेगळी घ्या. एक प्रत घरात, दुसरी बहिणीकडे. आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर करा, नावात तारीख आणि प्रसंग.

हे इतकं ठासून का सांगते? २०१२ ची लग्नसराई, मुहूर्तांची दाटी. ह्यांनी एका दिवशी सकाळी एक मुंज घेतली आणि संध्याकाळी दुसऱ्याच घरचा साखरपुडा. दोन कार्डं आणून माझ्यासमोर ठेवली. आमचा कॅमेरा कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी पुन्हा पाच शून्यांपासून सुरू करतो. पहिली क्लिप पाच शून्यं, दुसरी चार शून्यं एक. म्हणजे दोन्ही कार्डांवर नावं तीच. मी मुंज उतरवली, मग त्याच फोल्डरमध्ये साखरपुडा ओढला. विंडोजनं विचारलं, ‘या नावाच्या फाइली आहेत, बदलू का?’ रात्रीचा एक वाजला होता, मी ‘हो’ म्हटलं. तोवर ह्यांनी दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी मुंजीचं कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करून टाकलं होतं.

सकाळी फोल्डर उघडलं तर भिक्षावळीच्या जागी अंगठ्या घालणं चाललेलं. माझ्या पोटात गोळा आला. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून ते कार्ड अख्खा दिवस खरवडलं. ह्यांनी नवं काही शूट केलेलं नव्हतं म्हणून निभावलं. बऱ्याच क्लिपा परत आल्या, मातृभोजन मात्र गेलं. बटूच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी आणून दिलं. ते पाणी अजून आठवतं.

त्या दिवसापासून कार्ड फॉरमॅट करायचं काम मी ह्यांच्याकडून काढून घेतलं.